पेठेतल्या गाळ्यात चूल पेटावी म्हणून
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मोती चौकाजवळ आमचे कापडाचे दुकान आहे. राजवाडा ते पोवई नाका या पट्ट्यात काही गाळे रिकामे पडले आहेत, आणि जे पुन्हा भरले त्यांत बहुतेक मोबाइलची दुकाने आली. संध्याकाळी कुटुंबाला घेऊन निवांत बसून जेवावे अशी ठिकाणे पेठांत कमी झाली असून तरुण मंडळी गाडी काढून महामार्गाकडे जातात. आम्ही काही व्यापारी मिळून एखाद्या नामांकित पिझ्झा किंवा बर्गर कंपनीची शाखा भर बाजारात आणावी अशा विचारात आहोत. या कंपन्यांना काय हवे असते, त्यांच्याकडे कसे जावे, आणि त्या आल्यास आमच्या जुन्या उपाहारगृहांच्या पोटावर पाय येईल का?
— एक व्यापारी, सदाशिव पेठ, सातारा

उत्तर : कंपनीकडे पत्र घेऊन जाण्यापूर्वी आपल्या हाती एक गोष्ट असावी लागते, ती म्हणजे तिला चालेल असा गाळा. पिझ्झाची बसून खाण्याची व घरपोच देण्याची सोय असलेली शाखा साधारणपणे तळमजल्यावरचे हजार ते पंधराशे चौरस फूट मागते. शिवाय रस्त्यावरून फलक दिसेल असे रुंद तोंड, पुरेशा भाराची थ्री-फेज वीज, अखंड पाणी, सांडपाण्याची स्वतंत्र वाट, छपरापर्यंत नेता येईल असे धुराचे नळकांडे आणि घरपोच देणाऱ्यांच्या दुचाकी उभ्या करायला जागा, एवढे सगळे एकाच ठिकाणी जुळावे लागते. साताऱ्याच्या पेठांतील अनेक गाळे जुन्या वाड्यांच्या दर्शनी भागात काढलेले आहेत. त्यांचे तोंड लहान, खोली जास्त, आणि वर किंवा मागे मालकाचे नाहीतर जुन्या भाडेकरूचे बिऱ्हाड असते. अशा ठिकाणी धूर कोणाच्या खिडकीत जाणार आणि खरकटे रात्री कोणत्या बोळातून बाहेर निघणार, या दोन प्रश्नांवरच बोलणे थांबते. मोबाइलच्या दुकानाला शटर आणि विजेचा मीटर पुरतो, म्हणून गाळे त्याच्याकडे जातात. आपल्या पट्ट्यात खाण्याच्या जागा कमी का झाल्या, याचे मोठे कारण मला यात दिसते; गिऱ्हाईक आटले हे कारण त्यानंतरचे आहे.

म्हणून आपल्या मंडळींनी पहिले काम करावे ते गाळ्यांच्या पाहणीचे. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत वरच्या आणि खालच्या, दोन्ही रस्त्यांवरच्या रिकाम्या व लवकरच रिकाम्या होणाऱ्या गाळ्यांची लांबी-रुंदी, मागचे दार, वीजभार, नळजोड, ड्रेनेज आणि छपराकडे जाणारी वाट अशी नोंद वहीत करावी. शेजारचे दोन गाळे मधली भिंत काढून एक करता येतील का, हे अभियंत्याला विचारल्याशिवाय ठरवू नये, कारण जुन्या वाड्यांत ती भिंत बहुधा भार पेलणारी असते. गॅसचाही हिशेब आधीच पाहावा. नियमांप्रमाणे एका वेळी १०० किलोपर्यंतचा एलपीजी साठा स्फोटके विभागाच्या परवान्याविना ठेवता येतो, म्हणजे १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर पाचच झाले. ते मोकळ्या हवेत ठेवायला गाळ्यामागे थोडे तरी अंगण हवे, आणि लाकडी माड्यांच्या शेजारी अग्निशमनाच्या अटींत काटकसर करणे हा मी गुन्हाच मानतो.

आता गिऱ्हाइकाकडे वळू. २०११च्या जनगणनेत सातारा शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार होती, आणि २०२०च्या हद्दवाढीने आसपासच्या वस्त्या नगरपालिकेत आल्या. एवढ्या शहरात साखळी उपाहारगृहाला गिऱ्हाईक नाही असे म्हणता येणार नाही. अडचण अशी की पुणे-कोल्हापूर महामार्गावरची वर्दळ त्याला आयती दिसते आणि पेठेतली वर्दळ कोणी मोजून दाखवलेली नसते. महामार्गावरच्या चौकाला ‘बॉम्बे रेस्टॉरंट’ हेच नाव पडले आहे, यावरून खाण्यासाठी थांबण्याची जागा या शहराने कधीपासून बाहेर मानली आहे ते कळते. तरीही कासच्या पठारावर जाणारा पाहुणा समर्थ मंदिरावरून यवतेश्वरच्या घाटाला लागतो, सज्जनगड आणि ठोसेघरकडे जाणारा बोगद्यातून जातो, आणि शहरातून जाणाऱ्यांपैकी बरेच जण राजवाड्यावरूनच पुढे सरकतात. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासला जागतिक वारशाचा मान मिळाल्यापासून फुलांच्या हंगामात हा ओघ मोठाच असतो, पण तो पेठेत थांबत नाही, कारण गाडी लावायला जागा सापडत नाही. पोवई नाक्यावर २०२१मध्ये खुल्या झालेल्या ग्रेड सेपरेटरने, म्हणजे चौकाखालून जाणाऱ्या मार्गाने, वाहनांना पुढे जाणे सोपे केले. त्यांना थांबवण्याचे काम अजून कोणी हाती घेतलेले नाही. आपण एका मंगळवारी आणि एका शनिवारी, सायंकाळी सहा ते दहा, मोती चौकातून पायी जाणारी माणसे तासातासाने मोजून घ्या. गाळ्यांची वही, नकाशा, छायाचित्रे आणि हा आकडा एवढे कागद कंपनीच्या जागा पाहणाऱ्या विभागाकडे गेले, तर तो विभाग निदान माणूस पाठवून पाहणी करण्याचा विचार करतो.

इथे एक सावधगिरीची सूचना आवर्जून देतो. डॉमिनोजच्या भारतातील शाखा ज्युबिलंट फूडवर्क्स ही कंपनी आणि पश्चिम व दक्षिण भारतातील मॅकडोनाल्ड्सच्या शाखा वेस्टलाइफ समूह स्वतः चालवतो. स्थानिक माणसाला तिथे शाखेची फ्रँचायझी मिळत नाही, त्याने फार तर जागा भाड्याने द्यायची असते. या नावांची फ्रँचायझी देतो असे सांगून बनावट संकेतस्थळांवरून नोंदणी शुल्क उकळल्याची प्रकरणे देशात अनेक ठिकाणी पोलिसांपर्यंत गेली आहेत. व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून असा एकही रुपया कोणाला पाठवू नका.

जुन्या उपाहारगृहांविषयी माझे मत स्पष्ट आहे. पिझ्झाच्या शाखेमुळे मिसळीचे गिऱ्हाईक तुटत नाही. सकाळी नाष्ट्याला येणारा आणि संध्याकाळी मुलांचा वाढदिवस करायला येणारा माणूस एकच असला, तरी त्याच्या गरजा वेगळ्या असतात. धक्का बसतो तो सँडविच, बर्गर आणि चायनीज विकणाऱ्या लहान दुकानांना, आणि त्याहून मोठा धक्का भाड्याच्या दरांतून बसतो. कंपनीने एका गाळ्याला जे भाडे कबूल केले, तेच आजूबाजूचे मालक मागू लागतात आणि करार संपताच जुन्या खानावळीला ते झेपत नाही. त्यामुळे साखळी शाखा पोवई नाक्याच्या बाजूला यावी, जिथे बसस्थानक आणि सरकारी कार्यालये असल्यामुळे दिवसभर माणूस असतो. राजवाडा आणि मोती चौकाचा भाग स्थानिक खाण्यासाठी राखावा, असा माझा सल्ला आहे. हा भाग कायद्याने राखता येणार नाही, मालकांनी आपसांत ठरवूनच राखावा लागेल.

स्थानिकांच्या बळावर रात्रीचा बाजार उभा राहतो याचे सर्वांत चांगले उदाहरण इंदूरच्या सराफ्यात आहे. सोन्याचांदीच्या पेढ्या रात्री बंद झाल्या की त्यांच्याच पुढ्यात खाद्यपदार्थांची दुकाने लागतात आणि उशिरापर्यंत चालतात. एकच रस्ता दोन पाळ्यांत वापरला जातो, शिवाय पेढीवाल्याला रात्री रस्त्यावर जाग राहिल्याचा फायदा मिळतो. त्याच शहरातील छप्पन दुकान या गल्लीला २०१९मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने स्वच्छ खाद्यपथाचा दर्जा दिला, आणि पुढे तिथली वाहने हटवून ती गल्ली पायी चालणाऱ्यांसाठी नव्याने बांधली गेली. साताऱ्यात राजवाड्याच्या चौपाटीमुळे लोकांना संध्याकाळी तिकडे जाण्याची सवय आहेच. तिला हात धुण्याचे पाणी, कचऱ्याची रोजची उचल, सपाट फरशी आणि २०१४च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे गाडेवाल्यांना पक्की जागा मिळाली, तर तिच्या आधाराने आजूबाजूच्या गाळ्यांत बसून खाण्याची ठिकाणे आपोआप निघतील.

अमेरिकेत ओस पडू लागलेल्या मुख्य बाजारपेठांसाठी १९७७मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन लहान शहरांत एक प्रयोग झाला आणि १९८०मध्ये त्यातून राष्ट्रीय पातळीवरचा ‘मेन स्ट्रीट’ कार्यक्रम उभा राहिला. तिथली परिस्थिती वेगळी आहे, पण एक गोष्ट आपण जशीच्या तशी घ्यावी : त्या प्रत्येक शहरात या कामासाठी पगारी व्यवस्थापक नेमला होता. गाळ्यांची वही अद्ययावत ठेवणे, मालकांना भेटणे, पालिकेत पाठपुरावा करणे ही कामे दुकान सांभाळून होत नाहीत. व्यापाऱ्यांनी मिळून एका होतकरू पदवीधराला वर्षभराच्या पगारावर घेतले, तर मोठ्या जाहिरातीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

वेळेची अडचण कायद्याने ठेवलेली नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने उपाहारगृहांना रात्री उशिरापर्यंत चालण्याची मुभा दिली असून, मद्यविक्री वगळता चोवीस तास व्यवसाय करता येतो हे राज्य शासनाने ऑक्टोबर २०२५मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. दुकाने बंद केल्यावर फलकांवरचे दिवे मात्र दहापर्यंत चालू ठेवा, कारण अंधारलेल्या रस्त्यावरून कोणी मुलाबाळांना घेऊन जेवायला जात नाही.

प्रश्न : आमच्या वाड्याचा दर्शनी गाळा रिकामा आहे. एका मोठ्या कंपनीने विचारणा केली आहे, आणि गावातला एक कष्टाळू तरुणही मिसळीसाठी तो मागतो आहे. नातेवाईक म्हणतात, गावच्या माणसाला दिलास तर तो कायमचा बसेल. द्यायचाच तर ११ महिन्यांच्या करारावर दे.
— एक वाचक भगिनी, शुक्रवार पेठ, सातारा

उत्तर : ताई, आपल्या नातेवाइकांची भीती निराधार नाही. जुन्या भाडे कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेले लायसन्सधारक, म्हणजे केवळ वापराच्या परवानगीवर बसलेले लोक, भाडेकरू मानले गेले आणि अनेक मालकांच्या जागा नाममात्र भाड्यावर अडकल्या. घराघरांत ती आठवण अजून आहे. आज लागू असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा आहे. त्याखाली संरक्षित भाडेकरूचे भाडे मालकाला वर्षाला ४ टक्क्यांनीच वाढवता येते. बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागा मात्र या कायद्यातून वगळल्या आहेत, म्हणूनच मालकांचा ओढा कंपनीकडे असतो. यात एक खाच आहे : करारावर सही त्या कंपनीची असेल तरच ही सूट लागू होते. फलक मोठ्या नावाचा आणि सही एखाद्या स्थानिक फ्रँचायझीधारकाची असेल, तर आपण साध्या माणसालाच जागा दिलेली असते.

११ महिन्यांच्या कराराचा आपल्या राज्यात काही लाभ नाही. एक वर्षाहून कमी मुदत ठेवली की नोंदणी टळते, या समजुतीतून ती पद्धत पडली. पण १९९९च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरत्या वापराच्या परवानगीचा करार), तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. उलट भट्टी, चिमणी, फ्रीज आणि फरशी यांवर लाखो रुपये घालणाऱ्या माणसाला ११ महिन्यांत ते वसूल करता येत नाहीत. म्हणून तो काटकसरीची चिमणी लावतो आणि तिचा धूर आपल्याच माडीवर येतो. ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क एकूण मोबदल्याच्या ०.२५ टक्के इतकेच असते, त्यामुळे पाच वर्षांचा करार परवडणारा आहे.

माझा कल त्या तरुणाकडे आहे, आणि तो केवळ आपुलकीपोटी नाही. कंपनीचा हिशेब जमला नाही तर ती करारातील सोयीच्या कलमाने निघून जाते. गावच्या माणसाची अब्रू त्या फलकाला बांधलेली असते. पाच वर्षांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स, पहिल्या वर्षी कमी भाडे आणि पुढे दरवर्षी ठरावीक वाढ, सहा ते दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत, धूर-सांडपाण्याची जबाबदारी त्याच्याकडे, आणि मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास दर दिवसाची नुकसानभरपाई, एवढे लिहून घ्या. ही शेवटची अट विसरू नका, कारण लायसन्स संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडून जागा लवकर परत मिळवण्याची कलम २४ची सोय राहत्या घरांपुरती आहे. दुकानासाठी न्यायालयातच जावे लागते. मसुदा मालमत्तेचे काम करणाऱ्या वकिलाकडून तपासून घ्यावा.

प्रश्न : मी शाहूपुरीत घरून डबे देते. मला पोवई नाक्याजवळ लहानसे उपाहारगृह काढायचे आहे. शेजारी साखळी शाखा आली तर माझा निभाव लागेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : लागेल, जर आपण तिच्या वेळेला तिच्या पदार्थांशी स्पर्धा केली नाही तर. न्यायालयात आणि कार्यालयांत आलेला माणूस दुपारी एक वाजता भाजी-भाकरी शोधत असतो, आणि ती वेळ पिझ्झाची नव्हे. माणदेशी बाजरीची भाकरी आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची आमटी हे ताट बाहेरगावच्या कोणत्याही कंपनीच्या यादीत असणार नाही. त्याचा फलक मोठ्या अक्षरांत लावा. पहिले सहा महिने फक्त दुपारचे जेवण द्या, म्हणजे दोन माणसांत काम भागेल आणि डब्यांचे जुने गिऱ्हाईकही सुटणार नाही.

एफएसएसएआयची नोंदणी घरगुती डब्यांनाही लागते. ती आधीच असेल तर नव्या जागेच्या पत्त्याने वेगळी घ्यावी लागेल. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी येते. उपाहारगृहाचा सर्वसाधारण दर ५ टक्के आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून भांडी आणि यंत्रे घेताना किंमत करासहित धरा. ॲपवरून आलेल्या जेवणाच्या मागणीवरचा जीएसटी १ जानेवारी २०२२पासून ॲपची कंपनीच भरते, पण तिचे कमिशन आपल्या नफ्यातून जाते. नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरची कार्यालये फोनवर थेट मागणी देतील अशी व्यवस्था पहिल्या महिन्यातच बसवा.