एक्स-रे सरळ, पाठ मात्र दुखतेच

प्रिय मुली,

वाकडा कणा (स्कोलिओसिस) रॉड-स्क्रू लावून सरळ करण्याच्या तुझ्या ऑपरेशनला वर्ष होत आलं, सर्जन एक्स-रे बघून खूश आहेत, आणि तुला तिसऱ्या लेक्चरला बाकावर बसवत नाही. घरी सांगितलं की उत्तर ठरलेलं: "आता सरळ झालीस ना!" अगं, दोन्ही खरं आहे. एक्स-रेत हाडं, रॉड, स्क्रू दिसतात. दुखणारा स्नायू त्यात दिसत नाही.

तुझ्या पाठीचे स्नायू मणक्यांपासून सोडवून, बाजूला सारून ते स्क्रू बसवले. कण्याला बाक होता तेव्हा एका बाजूचे स्नायू आखडलेले आणि दुसऱ्या बाजूचे ताणलेले होते. त्यांची ती सवय एका दिवसात मोडली. संध्याकाळी खांद्याच्या फऱ्याखाली ठणकतं ते बहुधा यामुळेच. ऑपरेशनमध्ये जोडलेले मणके एकमेकांना पक्के जुळायलाही साधारण 6 ते 12 महिने लागतात, काहींना त्याहून जास्त.

टाक्यांच्या कडेचा बधिर पट्टा वेगळा. तिथे कातडीच्या बारीक नसा कापल्या गेल्या. तो हळूहळू लहान होतो, थोडा कायमचाही राहू शकतो. तिथे गरम पाण्याची पिशवी मात्र ठेवू नकोस. चटका बसलेला कळतच नाही, फोड आल्यावर कळतं.

वर्गात मागच्या बाकावर बस, म्हणजे अर्ध्या तासाने कुणाला न विचारता उभं राहता येईल. खाली पडलेलं पेन गुडघ्यांत वाकून उचल. जुळलेला भाग आता वाकणार नाही. आणि दिवसभर पडून राहणं हा आराम नव्हे, त्याने पाठ आणखी आखडते.

डॉक्टरांकडे नुसतं "दुखतं" म्हणालीस तर गोळी मिळेल. कुठे, किती वाजता, काय केल्यावर वाढतं, कशाने थांबतं, हे आठवडाभर मोबाईलवर लिहून ने. आई सोबत असू दे, पण बोलायचं तू. (आया आपल्या काळजीतून "तशी बरी आहे हो" म्हणून मोकळ्या होतात.)

ताप, जखमेतून पाणी, दिवसेंदिवस वाढणारं दुखणं, किंवा "कट्" असा आवाज होऊन सुरू झालेली कळ असेल, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नकोस. क्वचित स्क्रू सैल होतो, मणके जुळत नाहीत, उशिराने जंतुसंसर्गही होतो. पायातली ताकद गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठ.

पोहण्याचं सर्जनना विचार. हो म्हणाले तर फिजिओकडून आधी कोणता स्ट्रोक ते ठरवून घे, मग मला कळव.

तुझी ताई