एल निनो वर्षभरात संपतो, मग हवामानाचे २०-३० वर्षांचे चढउतार येतात कुठून?

प्रश्न एकदम रास्त आहे, कारण हवेचं स्वतःचं काही फार दिवस टिकत नाही, दोन-तीन आठवड्यांपूर्वीचं वादळ ती विसरून गेलेली असते. लक्षात ठेवायचं काम समुद्राचं. वरच्या फक्त तीनेक मीटर पाण्यात जेवढी उष्णता मावते तेवढीच त्याच्यावरच्या अख्ख्या वातावरणात मावते, यावरून अंदाज करा.

सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे उत्तर पॅसिफिकमधलं पीडीओ, म्हणजे पॅसिफिक डेकेडल ऑसिलेशन, तिथल्या पाण्याच्या तापमानातले दशकानुदशकं चालणारे चढउतार. हिवाळ्यात अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांपाशी मोठा कमी दाब असतो. तो जोरात असला की मधल्या समुद्रावर पश्चिमेचे वारे वाढतात, बाष्पीभवन वाढतं, पाणी खोलवर ढवळलं जातं, उत्तरेचं गार पाणी दक्षिणेकडे सरकतं आणि मधला समुद्र थंड पडतो, तिकडे अमेरिकेच्या किनाऱ्याला मात्र दक्षिणेचे वारे लागून पाणी गरम होतं. याला पीडीओ उबदार असणं म्हणतात, उलट झालं की थंड. मग उन्हाळ्यात वर पातळ गरम थर येतो पण खालचं गार पाणी तसंच राहतं, आणि पुढच्या हिवाळ्यात ढवळलं की परत वर! मला यातला हा भाग सगळ्यात भारी वाटतो, कारण एका हिवाळ्याचं हवामान पुढच्या हिवाळ्यात पोचतं ते असं. शिवाय समुद्राच्या आतून रॉसबी लाटा, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे तयार होणाऱ्या प्रचंड मोठ्या संथ लाटा, पश्चिमेकडे सरकतात, त्यांना जपानजवळच्या कुरोशिओ प्रवाहापर्यंत जायला काही वर्षं लागतात, आणि एल निनो आला की बहुतेक वेळा अल्युशियनचा तो कमी दाब अजून खोल होतो ते वेगळंच.

इतक्या गोष्टी यात मिसळतात, म्हणून पीडीओला घड्याळासारखं ठरलेलं चक्र समजू नका. जर्मन हवामानशास्त्रज्ञ क्लाउस हॅसलमन यांनी १९७६ मध्येच दाखवलं की रोजच्या हवामानाचे उलटसुलट धक्के समुद्र साठवत गेला तरी संथ चढउतार आपोआप तयार होतात, २०२१ चं फिजिक्सचं नोबेल ज्यांना मिळालं त्यात ते होते.

१९७६-७७ ला पीडीओ थंडकडून उबदारकडे गेलं तेव्हा अलास्कात सॅमन मासा वाढला आणि वॉशिंग्टन-ओरेगॉनकडे घटला. पीडीओ हे नाव सुद्धा १९९० च्या दशकात सॅमनच्या अभ्यासातूनच आलं.

आपल्याशी संबंध आहे का, तर आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे आर. कृष्णन आणि जपानचे मासातो सुगी यांच्या २००३ च्या पेपरनुसार पीडीओ उबदार असताना एल निनो आला तर भारतात पाऊस कमी पडण्याची शक्यता वाढते. शक्यताच बरं का, कारण १९९७ ला दोन्ही होतं, एल निनो तर प्रचंड होता, तरी देशाचा मान्सून सरासरीच्या १०२ टक्के झाला, त्यात हिंद महासागरातल्या पॉझिटिव्ह डायपोलचा, म्हणजे पश्चिमेचं पाणी नेहमीपेक्षा गरम आणि पूर्वेचं गार असण्याचा, मोठा हात मानतात.