येत्या रविवारी वर्ग ठेवू नका

'मी सिंधुदुर्गातला, वय ४६. बाबांच्या दारूपायी घराचं वाटोळं झालं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी सोडली, आता पडवीत बसून असतात. मी त्यांना माफ केलं आणि फार हलकं वाटलं. म्हणून अशा घरांत वाढलेल्यांसाठी दर रविवारी वर्ग घेतो. परवा सगळ्यांना "बाबा, मी तुम्हाला माफ केलं" असं पत्र लिहायला सांगितलं, तर एक बाई वही मिटून निघून गेल्या. माझी ताईही तसलीच. लहानपणी रात्री बॅटरी घेऊन बाबांना गुत्त्यावरून आणायला तीच जायची, मी झोपलेला असायचो. आता गणपतीलाही येत नाही. अशांना क्षमा शिकवायची कशी?'

ताईबद्दल तीन वाक्यं लिहून तुम्ही पुढे गेलात. मी तिथेच अडकले. तुम्ही झोपलेले असायचात, कारण ती उठायची. पावसात, चिखलाच्या पाणंदीतून, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात बापाचा दंड. गुत्त्यावरची माणसं त्या पोरीला काय म्हणत असतील? वाटेत बाप काय बरळत असेल? तुम्ही कधी विचारलंत? पत्रात तरी दिसत नाही.

तुमच्या वाट्याला आलेल्या बापाला तुम्ही माफ केलंत, चांगलं झालं. पण तिच्या वाट्याला आलेला बाप तुम्ही पाहिलेलाच नाही.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट १९८५ पासून क्षमेचा अभ्यास करत आले आहेत. त्यांच्या पद्धतीत आधी राग बाहेर काढून नीट बघायचा असतो. माफ करायचं की नाही, हे त्यानंतर, आणि तेही ज्याचं त्याने ठरवायचं. माफ केलं म्हणजे जाणं-येणं सुरू झालंच पाहिजे, असंही ते म्हणत नाहीत. तुम्ही थेट शेवटाला हात घातलात. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांतही आठवी आणि नववी पायरी आहे ती ज्यांना दुखावलं त्यांची यादी करून शक्य तिथे भरपाई करण्याची. ती पिणाऱ्याने चढायची असते, त्याच्या पोरांनी नव्हे. सहा वर्षांत बाबा ताईशी त्यावर एक शब्द तरी बोललेत का? (त्यांची सुटली याचा आनंद आहे, पण आज मला त्यांच्याबद्दल बोलायचं नाही.)

आपल्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा मध्येच कोणी उपदेश करतं का? सगळे 'होय महाराजा' म्हणतात. ताईला तेवढंसुद्धा कोणी म्हटलेलं नाही.

येत्या रविवारी वर्ग ठेवू नका. ताईकडे जा, एकटे. बाबांचा निरोप नको, गणपतीचं आमंत्रण नको आणि 'जाऊ दे गं' तर मुळीच नको. एवढंच विचारा, 'तू बॅटरी घेऊन जायचीस तेव्हा काय काय व्हायचं?' ती 'आता कशाला ते' म्हणत चहा ठेवायला उठेल. बसून राहा. दुपारची एसटी चुकली तर चुकू दे. माझा अंदाज, ती बाबांच्या आधी तुमच्यावरच उखडेल. उखडू द्या, खुलासे देत बसू नका.

आणि वही मिटून गेलेल्या त्या बाईंना फोन करून सांगा की ते पत्र लिहायला लावलं हे चुकलं. परत या म्हणून गळ मात्र घालू नका.