अमेरिकेत पहिल्यांदाच फॉस्टर पालक होताना

आपण फॉस्टर पालक, म्हणजे दुसऱ्याच्या मुलाला तात्पुरते घरी सांभाळणारे पालक, होत आहात आणि आपल्या घरी दोन वर्षांचे मूल येणार आहे, हे आपल्या पत्रात वाचून मनापासून आनंद झाला. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळा.

मूल अजून बोलत नसेल, तर ‘रुळेल हळूहळू’ म्हणून थांबणे ही सर्वांत मोठी चूक. तीन वर्षांखालील मुलाची तपासणी आपण राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन (विकासात मागे पडणाऱ्या लहानग्यांना लवकर मदत देणाऱ्या) कार्यक्रमाकडे स्वतः मागू शकता. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, तपासणी मोफत असते आणि मूल पात्र ठरल्यास सेवा-योजनेची पहिली बैठक कार्यक्रमाकडे विनंती पोहोचल्यापासून 45 दिवसांत व्हावी, असा केंद्रीय नियम आहे. मात्र संमतीपत्रावर सही कोणाची चालेल, हे केसवर्करना (मुलाचे प्रकरण सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना) पहिल्याच भेटीत विचारा, कारण अनेकदा घोडे तिथेच अडते.

हेड स्टार्ट या लहान मुलांसाठीच्या सरकारी कार्यक्रमात फॉस्टर मुलांना उत्पन्नाची अट नाही. जागा मर्यादित असतात, म्हणून नाव लगेच नोंदवा.

एक वही ठेवा: मूल कोणते शब्द बोलते, चमचा धरते का, जिना कसे चढते. ते दुसऱ्या घरी गेले, तर या नोंदी आणि तपासणीची कागदपत्रे केसवर्करमार्फत त्याच्यासोबत जायलाच हवीत. नाहीतर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि त्या लेकराचे मोलाचे महिने वाया जातात.

तिसऱ्या वाढदिवसापासून अर्ली इंटरव्हेन्शनचे हे नियम बदलतात. त्याविषयी मूल अडीच वर्षांच्या आसपास आले की अवश्य विचारा.