‘आमच्यात असंच चालतं’ हे कायद्यापुढे कुठवर चालतं?

‘मॅडम, ही धर्माची बाब आहे, यात कायदा काय करणार?’ या महिन्याच्या टपालात हे वाक्य इतक्यांदा आलं की तशी सगळी पत्रं एकत्र घेतली आहेत. काही पत्रं सोसणाऱ्यांची आहेत, काही अडवणाऱ्यांची. गैरसमज दोघांचा एकच. श्रद्धेचं स्वातंत्र्य तुमच्या आचरणापुरतं असतं. शेजाऱ्याचा हक्क काढून घ्यायची मुभा त्यातून मिळत नाही.

आमच्या समाजाच्या ट्रस्टचा लग्नाचा हॉल आहे. दुसऱ्या जातीला देत नाही, ही शंभर वर्षांची रूढी आहे. घटनेच्या कलम २६ने हा हक्क दिला आहे ना? (विश्वस्त, दादर)

कलम २६ धार्मिक बाबींच्या कारभाराबद्दल आहे. भाडं घेऊन हॉल देणं ही पूजा नव्हे. शिवाय धर्मस्वातंत्र्याची कलमं २५ आणि २६ दोन्ही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहेत, आणि कलम २५ तर इतर मूलभूत हक्कांच्याही अधीन आहे. पुढारी हे पहिले शब्द गाळून पुढचेच वाचून दाखवतात. अनुसूचित जातीच्या कुटुंबाला जातीवरून नकार दिलात तर प्रकरण अस्पृश्यता बंद करणाऱ्या कलम १७ आणि १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याकडे जातं. तिथे ‘ट्रस्ट खासगी आहे’ एवढं म्हणून सुटका होत नाही.

रूढीचं म्हणाल तर हाच बचाव महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात झाला होता. १९२७च्या सत्याग्रहानंतर विरोधकांनी अनादी काळापासूनची वहिवाट सांगितली. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७मध्ये बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला, कारण ती वहिवाट तितकी जुनी असल्याचं सिद्धच झालं नाही. घटना यायच्या तेरा वर्षं आधी जे टिकलं नाही, ते आज तुम्ही कशाच्या जोरावर टिकवणार? ट्रस्टचं विलेखपत्र आणि बुकिंगची नियमावली घेऊन आधी वकिलाकडे जा. तोवर जातीवरून एकही बुकिंग नाकारू नका.

हाजी अलीला बायकांना मजारीपर्यंत जाता येतं का? कोणी म्हणतं अजून बंदी आहे. (माहीम)

जाता येतं. उच्च न्यायालयाचा निकाल ऑगस्ट २०१६चा आहे.

गाव रायगड जिल्ह्यात. जमिनीच्या वादात गावकीविरुद्ध कोर्टात गेलो म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्हाला वाळीत टाकलं. शिमग्याला पालखी दारात येत नाही. आईच्या मयताला खांदा द्यायला भावकीतलं कोणी आलं नाही. आता गावकी म्हणते, ५१ हजार दंड भरा आणि देवासमोर माफी मागा. भाऊ म्हणतो, भरून मिटवू. देवाच्या कामात पोलीस पडत नाहीत म्हणतात. (लालबाग)

दंड भरू नका. भावालाही हे वाचून दाखवा.

महाराष्ट्राने २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. असा कायदा करणारं हे पहिलं राज्य, आणि जुलै २०१७पासून तो लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी ‘देवाचं काम आहे’ म्हणून हात झटकायचे नाहीत. धार्मिक विधीत, सणात, लग्नात किंवा मयतात सामील होऊ न देणं हे या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. बहिष्कारासाठी बैठक बोलावणारे आणि त्याला मदत करणारेही त्यात येतात.

चाकरमान्यांची ही पत्रं मला वर्षभर येतात, शिमगा आणि गणपतीच्या आधी जास्तच. प्रत्येकाला गावातलं घर, देव आणि म्हाताऱ्यांची काळजी असते, म्हणून माणूस पैसे भरून मोकळा होऊ बघतो. मोकळा होत नाही. दंड भरलात की गावकीला न्यायनिवाड्याचा अधिकार आहे असं तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं, आणि पुढच्या घराला तुमचीच पावती दाखवली जाते. पालखी देवाची आहे, तिच्यावर गावकीची मालकी नाही. पंढरपुरात विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून १९४७मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं होतं. तेव्हाही अडवणारे देवाचंच नाव घेत होते.

मला सगळ्यात जास्त धास्ती उशिराची वाटते. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. तुमची दोन गेली. चालू राहणाऱ्या गुन्ह्यात मुदत वेगळी मोजली जाते, पण त्या युक्तिवादाच्या भरवशावर बसू नका. आज वहीत तारखा लिहून काढा: बैठक कधी झाली, कोण बोललं, पालखी कुठून मागे फिरली, वर्गणी कोणी परत केली. गावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे संदेश जपा, फोन बदलू नका. गावच्या पोलीस ठाण्यात जायची भीती वाटत असेल तर मुंबईतही झीरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात घेतली जाणारी फिर्याद) नोंदवता येतो. पोलिसांनी टाळलं तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. हे सगळं फौजदारी वकिलाला सोबत घेऊन करा, आणि याच आठवड्यात.

पंथप्रमुखांनी बहिष्कृत केलं तरी हाच कायदा लागतो का? (भेंडीबाजार)

तिथे प्रश्न अवघड आहे. बहिष्कृत करण्याविरुद्धचा मुंबईचा १९४९चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर रद्द केला. तो निकाल फेरविचारासाठी नऊ न्यायाधीशांकडे सोपवावा असं पाच न्यायाधीशांच्या पीठाने फेब्रुवारी २०२३मध्ये ठरवलं. माझ्या मते १९६२चा निकाल माणसापेक्षा संस्थेची बाजू घेतो. पण माझ्या मतावर खटला उभा राहत नाही. कागद घेऊन घटनात्मक बाबी पाहणाऱ्या वकिलाला भेटा.

दुसऱ्या धर्मातल्या मुलीशी लग्न करायचं आहे. समाजाचा दाखला लागतो का? (ठाणे)

नाही. विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस लागते. जिवाला धोका असेल तर मुहूर्ताची वाट न बघता आजच पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या.

फ्लॅटचा सौदा ठरला, टोकन दिलं. सेक्रेटरी आडनाव ऐकून म्हणाले, कमिटी ना हरकत देणार नाही, इथे सगळे एकाच धर्माचे आहेत. भाड्याने घेतला तर चालेल का? (मुलुंड)

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, शेअर्सच्या हस्तांतरासाठी सोसायटीचा ना हरकत दाखला लागतच नाही. पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्वही नाकारता येत नाही. तोंडी बोलणं थांबवा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि नकार आला की मुदतीत सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जा. मात्र आधी त्या सोसायटीचे स्वतःचे नोंदणीकृत उपविधी बघा. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला होता. मला तो निकाल पटत नाही, पण तो आहे.

भाड्याचं दुखणं याहून मोठं आहे. एचआयव्हीबाधितांना घर नाकारणं २०१७च्या कायद्याने आणि तृतीयपंथीयांना नाकारणं २०१९च्या कायद्याने मना आहे. धर्मावरून नाकारणाऱ्या खासगी घरमालकाविरुद्ध असा सरळ कायदा नाही. तो विधिमंडळाने करायला हवा. मुंबईत घर शोधताना नाव सांगितल्यावर पलीकडून फोन ठेवला जातो, हे काय असतं ते भोगणाऱ्यालाच कळतं. टोकनची पावती आणि दलालाचे संदेश घेऊन वकिलाला भेटा. सौदा स्वतः मोडू नका.

एक संस्था ५,००० रुपयांत मानवाधिकाराचं ओळखपत्र देते. ते दाखवलं की भेदभावाची तक्रार लगेच घेतात म्हणे. (कुर्ला)

पैसे देऊ नका. अशा कार्डाला कायद्यात काडीची किंमत नाही. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत. पण आयोग सरकारी यंत्रणेच्या कृतीकडे किंवा हयगयीकडे बघतो, तुमच्या शेजाऱ्याकडे नाही, आणि तक्रार घटनेपासून एक वर्षाच्या आत हवी. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नसताना मोफत वकील मिळतो. जाताना आधार कार्ड आणि घटनेच्या तारखांचा कागद सोबत ठेवा.