पेटत्या बनेटीचा गोळा सुटून का उडतो आणि तो पक्का कसा बसवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातलं मर्दानी खेळाचं पथक आहे, शिवजयंतीच्या मिरवणुकीत पेटती बनेटी फिरवायची आहे. बांबूच्या दोन्ही टोकांना जुनं कापड गुंडाळून खिळे मारता, रॉकेलमध्ये बुडवता आणि तीन-चार मिनिटांत पेटता तुकडा सुटून गर्दीकडे जातो.

खिळे लांब घेतल्याने हे थांबणार नाही. बनेटीत जळायला हवं ते रॉकेल, कापड नव्हे. कापडात तेल मुरलेलं असतं तोवर त्याची वाफ बाहेर जळते आणि ती वाफ होण्यातच बरीच उष्णता खर्च होत असल्यामुळे आतलं कापड वाचतं. तेल संपलं की ज्वाळा थेट धाग्यावर येते. कापडाची राख होते, खिळ्याभोवतीचा बांबू कोळसतो आणि सैल झालेला गोळा फिरण्याच्या ओढीने निसटतो. गोंधळ्याची दिवटी रात्रभर चालते ती बुधलीतून वरचेवर तेल मिळतं म्हणून. फिरत्या बनेटीला मधेच तेल घालता येत नाही. म्हणून वात न जळणाऱ्या धाग्याची घ्या आणि तेल शिल्लक असतानाच विझवा.

वातीसाठी केव्हलारची, म्हणजे अ‍ॅरामिड धाग्याची विणलेली पट्टी लागते: ५० मिमी रुंद, ३ मिमी जाड, प्रत्येक टोकाला १ मीटर. हा धागा वितळत नाही आणि नीट वापरला तर पुष्कळ खेळ टिकतो. औद्योगिक इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत सायझिंग आणि डाईंगवाल्यांकडे बॉयलर असतात, त्यांच्या दाराची जुनी दोरी फुकट मिळाली तरी आणू नका. ती अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते आणि त्याची तूस फुप्फुसात जाऊन बसते. सिरॅमिकची दोरीही नको, तीही तूस सोडते. सुती कापड वापरायचंच असेल तर ते शंभर टक्के सुती हवं आणि एका खेळानंतर टाकून द्यायचं. एक धागा जाळून बघा: सुताची भुरभुरीत राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो. टोकाला कडक मणी जमला तर त्यात पॉलिस्टर आहे. ते वितळून ठिबकतं आणि कातडीला चिकटतं.

दांड्यासाठी स्लायडिंग खिडक्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातून अ‍ॅल्युमिनियमचा गोल पाइप घ्या: बाहेरून २२ मिमी, जाडी १.५ मिमी, लांबी जमिनीपासून फिरवणाऱ्याच्या हनुवटीपर्यंत. १.४ मीटरच्या पाइपचं वजन साधारण ३६५ ग्रॅम भरतं. आतला व्यास १९ मिमी येतो. दोन्ही टोकांत १२ सेंमी लांबीची सागवानी खुंटी घासून घट्ट ठोका. खुंटीची कामं दोन: स्क्रूला पकड देणं आणि रॉकेल पोकळीत शिरू न देणं. खुंटी नसेल तर स्क्रूच्या भोकांतून आत शिरून साचलेलं तेल फिरवताना पिचकारीसारखं बाहेर येतं, तेही पेटत.

वात बसवण्याआधी पाइपला भोकं पाडून घ्या, कारण वातीवर ड्रिल चालवलं की धागे बिटला गुंडाळतात. पट्टी कापण्याआधी कापायच्या जागी चिकटपट्टी लावा, म्हणजे कड उसवत नाही. कात्री नवी लागेल. पट्टीचं पहिलं टोक १२ मिमीच्या दोन स्क्रूंनी बसवा आणि दुसऱ्या माणसाने पट्टी ताणून धरलेली असताना गुंडाळत जा. सात-आठ वेढे होतात, गोळा ६५ मिमीच्या आसपास जाड होतो. शेवटचं टोक आत दुमडा, चांभाराच्या आरीने धागे बाजूला सारून खालचं भोक शोधा आणि रुंद वॉशर घालून ३५ मिमीचे दोन स्टेनलेस स्टीलचे स्क्रू खुंटीपर्यंत पिळा. तिसरा स्क्रू समोरच्या बाजूने, त्या दोघांच्या मधल्या उंचीवर घ्या, म्हणजे आत ते एकमेकांना अडत नाहीत. दांड्याच्या तोंडावर ४० मिमीचं वॉशर खुंटीत स्क्रूने बसवा. गुंडाळी टोकाकडे सरकायला बघते, ती तिथे अडते. फेविकॉल, एपॉक्सी यांपैकी काही लावू नका, उष्णतेने ते सुटतं. बांधणीची तारही तापून सैल पडते. हाताची पकड फक्त मधल्या भागात ठेवा, तिथे कातडी पट्टी किंवा सुती फीत गुंडाळा. शेवटी बनेटी बोटावर तोलून बघा. दोन्ही टोकांच्या वजनात १० ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर जड टोकाची वात थोडी कमी करा.

इंधन रॉकेलच. पेट्रोल, थिनर, स्पिरिट अजिबात नको. पेट्रोलची वाफ शून्याच्या कितीतरी खालीसुद्धा पेट घेते. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ लागते ते तापमान, ३५ अंशांच्या वर असतो, त्यामुळे फेब्रुवारीच्या संध्याकाळी ते बरंच शांत असतं. पण सराव एप्रिल-मेमध्ये असेल तर सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या शेडमधला उघडा डबा पेट्रोलसारखाच धोकादायक होतो. डबा सावलीत ठेवा, त्याला घट्ट झाकण हवं आणि तो पेटवण्याच्या जागेपासून किमान १० मीटर दूर असावा.

वात बुडवली की बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण मिनिटभर, तशीच ठेवा. मग निथळू द्या आणि न पेटवता एका बाजूला जोरात फिरवून जादा रॉकेल झटका. ही पायरी गाळली की पहिल्याच फेरीत पेटते थेंब उडतात, आणि मिरवणुकांतले बरेचसे अपघात मला वाटतं इथेच सुरू होतात. नवीन बनेटी आधी मोकळ्या मैदानात न फिरवता जाळून वेळ मोजा. एवढ्या वातीला साधारण तीन ते पाच मिनिटं मिळतात. मोजलेल्या वेळेच्या दोन तृतीयांशावर विझवा. धागा लाल निखाऱ्यासारखा दिसू लागला तर उशीर झाला.

विझवायला आपल्याकडचा सुती टॉवेल उत्तम, पण ओला करून पिळलेला. कोरड्या टॉवेलवरचे धाग्यांचे फासे लगेच पेट घेतात. दोन्ही हातांवर पसरून गोळ्याला आवळा आणि ज्वाळा गेल्यावरही पाच सेकंद सोडू नका. बादलीत बुडवू नका, पाण्याने भरलेली वात पुन्हा तेल घेत नाही. गरम वात तर पुन्हा रॉकेलमध्ये बुडवायचीच नाही, डब्यावरची वाफ भडकते. हाताने धरता येईल इतकी ती थंड होऊ द्या.

मावळ्याचा सॅटिनचा पोशाख या खेळात चालत नाही, जाड सुती अंगरखा शिवून घ्या. फेट्याचा पाठीवर सोडलेला शेमला आत खोचा. बनेटीच्या कक्षेपासून प्रेक्षक ५ मीटर लांब हवेत आणि वर पताका किंवा विजेची तार नको. प्रत्येक फिरवणाऱ्यामागे ओला टॉवेल घेतलेला एक जण, ज्याला दुसरं काही काम नाही, असा उभा करा. रॉकेल तोंडात धरून फुंकण्याचा प्रकार पथकात बंदच ठेवा. थोडं जरी श्वासनलिकेत गेलं तरी फुप्फुसाला गंभीर सूज येते. भाजलं तर २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका.

प्रत्येक सरावानंतर वात थंड झाली की स्क्रू पिळून बघा. वातीचा काठ ठिसूळ होऊन बोटांत चुरा होत असेल, तर ती वात पुढच्या खेळाला नेऊ नका.