प्राग, बँकॉक की सायगॉन?

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची आहे, पंचवटीत राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे इंग्रजी घेऊन बी. ए. गेली तीन वर्षं सिडकोतल्या एका क्लासमध्ये स्पोकन इंग्लिश शिकवते. मला परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचंय आणि त्याचा कोर्सही तिकडेच करायचाय. प्राग, बँकॉक आणि व्हिएतनाम अशी तीन नावं काढली आहेत, पण मन प्रागकडे ओढतं. एका सल्लागारांनी सांगितलं, १२० तासांचं ऑनलाइन प्रमाणपत्र घ्या, कोरियात नोकरी नक्की. माझे तीन लाख रुपये साठलेत. आई म्हणते, काही नको, इथेच बी. एड. कर. कुठे जाऊ आणि कुठे शिकू?
– अ., नाशिक

उत्तर : अ., शहराचं नंतर बघू. आधी तुझ्या पासपोर्टबद्दल बोलू, कारण परदेशी इंग्रजी शिकवायला निघालेली आपली मुलं नेमकी तिथे अडतात. मी स्वतः अडले होते.

दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया व्यापार करारामुळे २०१० पासून आपल्यासाठी एक अरुंद वाट आहे, पण ती शिक्षकाची रीतसर पात्रता असलेल्यांची. ऑनलाइन प्रमाणपत्रावर ‘नोकरी नक्की’ म्हणणारा माणूस एक तर हे जाणत नाही किंवा जाणून लपवतो. त्याला पैसे देऊ नकोस. जपानचंही तुला आत्ताच सांगून ठेवते. तिथल्या शाळांत शिकवण्याच्या व्हिसासाठी साधारण बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा पुरावा लागतो. तू आणि मी, दोघी मराठी शाळेतल्या. तो दरवाजा आपल्यासाठी नाही, म्हणून त्यावर सहा महिने घालवायचे नाहीत.

आता प्राग. कोर्स तिथे होतात, चांगले होतात. चार आठवडे राहून, शिकून तू परतही येशील. पण पुढे काय? तिथल्या भाषाशाळा पुष्कळदा पगारी नोकरी न देता तासांवर काम देतात, तेही तुझ्या स्वतःच्या व्यवसाय-परवान्यावर. युरोपीय संघातल्या माणसाला कामासाठी वेगळी परवानगी लागत नाही, तुला लागेल. एकाच जागेसाठी आयर्लंडची मुलगी आणि नाशिकची मुलगी उभ्या असतील, तर शाळा कागदपत्रांचा कमी त्रास असलेलीला घेणार. तुझ्या शिकवण्याचा त्यात काही दोष नसेल. पण तीन लाख एकदाच साठलेले असतात, ते या पैजेवर लावू नकोस असं मला कळकळीनं वाटतं.

बँकॉक आणि व्हिएतनाम या दोन्ही ठिकाणी भारतीय पदवीधराला कायदेशीर वाट आहे. थायलंडमध्ये शाळेत शिकवायचं तर तिथल्या शिक्षक परिषदेची मान्यता लागते आणि आपल्यासारख्यांकडे इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. व्हिएतनाममध्ये कामाच्या परवान्यासाठी पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी एवढं मुख्यतः लागतं. परवाना जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो, मग पुन्हा काढायचा. नव्वद दिवसांचा ई-व्हिसा सहज मिळतो, पण त्यावर शिकवायला उभी राहू नकोस. ‘सगळे करतात’ असं सांगणारे भेटतील. पकडलं तर शाळा हात वर करते आणि अडकतेस तू.

माझा कौल व्हिएतनामला, त्यातही सायगॉनला. कागदोपत्री ते हो ची मिन्ह सिटी, पण तिथली माणसं अजून सायगॉनच म्हणतात. मी २०१४ साली गेले तेव्हा ३१ वर्षांची होते. म्हणून हे अनुभवाचं बोलणं आहे आणि म्हणूनच थोडं पक्षपातीही.

कोर्सचं नीट समजून घे. सल्लागारांनी सांगितलेला ‘१२० तास’ हा आकडा आला कुठून? केंब्रिजचा सेल्टा हा इंग्रजी शिक्षकांसाठीचा कोर्स १२० तासांचा आहे. त्याचं मूळ १९६२ साली लंडनच्या इंटरनॅशनल हाउसमध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी सुरू केलेल्या शिक्षक-प्रशिक्षणात आहे. पण सेल्टाच्या त्या १२० तासांत सहा तास तू खऱ्या, मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसमोर उभी राहून शिकवतेस, दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर, आणि प्रशिक्षक मागच्या बाकावर बसून लिहीत असतो. आणखी सहा तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघायचे, चार लेखी स्वाध्याय द्यायचे. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या कोर्समध्येही असेच सहा तास आहेत आणि त्यात एक अनोळखी भाषा पहिल्या धड्यापासून शिकायला लावतात, म्हणजे बाकावर बसणाऱ्याची धडधड कळते. स्वस्त ऑनलाइन प्रमाणपत्रांनी १२० हा आकडा तेवढा उचलला, ते सहा तास सोडून दिले.

सेल्टाचं प्रमाणपत्र जगात कुठेही केलं तरी एकच, बाहेरचा परीक्षक येऊन तपासून जातो. प्रागचं वजनदार आणि सायगॉनचं हलकं असं काही नसतं. मग तो तिथेच का करायचा, जिथे पुढे शिकवायचंय? कारण सराव तिथल्याच माणसांवर होतो. माझ्या दुसऱ्या आठवड्यातला एक वर्ग सांगते. ‘नाइन’, ‘नाइट’, ‘नाइस’ हे तीन शब्द मी फळ्यावर लिहून म्हणून घेतले आणि समोरून तिन्ही वेळा जवळजवळ ‘नाय’ ऐकू आलं. मला वाटलं, लक्ष नाही यांचं. नंतर प्रशिक्षकानं समजावलं : व्हिएतनामी भाषेत शब्दाच्या शेवटी मोजकीच व्यंजनं येतात आणि तीही ओठांत अर्धी राहतात. त्यांना शेवटचा ‘स’ नीट ऐकूच येत नव्हता. आपल्याकडे एकच ‘व’ असल्यानं आपल्या मुलांचं ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ जसं एक होतं, तसंच. त्या दिवसापासून मी हातावर बोट टेकवून शेवटचा आवाज दाखवायला लागले. प्रागमध्ये शिकले असते तर चेक माणसांच्या चुका कळल्या असत्या, आणि त्या मला सायगॉनमध्ये उपयोगी पडल्या नसत्या.

आणखी एक गोष्ट. तू तीन वर्षं क्लासमध्ये शिकवतेस, म्हणजे तुझ्या तोंडात ‘समजलं?’ बसलेलं असणार. माझ्या पहिल्या वर्गानंतर प्रशिक्षकानं वही पुढे केली : चाळीस मिनिटांत मी अठरा वेळा ‘समजलं?’ विचारलं होतं आणि अठराही वेळा सगळ्यांनी मान डोलावली होती. त्याऐवजी, ‘मी नाशिकमध्ये राहत असे’ हे वाक्य शिकवलं तर विचारायचं, ‘ती आता नाशिकमध्ये राहते का?’ उत्तर काय येतं त्यावरून कळतं समजलं की नाही. ही सवय मोडायला मला तीन आठवडे लागले. त्यावर मी एकदा जिन्यात बसून रडलेही. ते चार आठवडे फार कठीण असतात, रात्री एकला पाठाची आखणी चालू असते. म्हणून राहायची जागा केंद्रापासून चालत जाता येईल अशीच घे, खोली थोडी महाग आणि लहान असली तरी. मी स्वस्त म्हणून लांब घर घेतलं आणि दुचाक्यांच्या गर्दीत, पावसात, रोज दीड तास घालवला. व्हिएतनामच्या दक्षिणेत मे ते नोव्हेंबर पावसाळा असतो. पहिल्या महिन्यात भाडेकरारावर सही करू नकोस. नोकरी कुठल्या भागात लागते ते कळू दे.

तू शाकाहारी आहेस की नाही ते लिहिलं नाहीस. असशील तर ‘चाय’ हा शब्द पाठ कर, आपला चहा नव्हे, त्यांच्याकडे त्याचा अर्थ शाकाहारी. नुसती भाजी मागितलीस तर तिच्यात माशांचा सॉस असतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला पुष्कळ बौद्ध माणसं चाय जेवतात, तेव्हा गल्लोगल्ली त्याच्या गाड्या लागतात. घरची एकादशी आठवायची मला. मुलं शिक्षिकेला ‘को’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ वडिलांची बहीण, म्हणजे आत्या. पहिल्या दिवशी वीस मुलांची आत्या होऊन मी खोलीवर आले, तो आनंद अजून जात नाही.

कडू भागही सांगते. ‘फक्त नेटिव्ह’, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच हवेत, असं उघड लिहिलेल्या जाहिराती दिसतील. मी २३ ठिकाणी अर्ज केले, चार जणांनी बोलावलं, एका ठिकाणी माझा चेहरा बघून ‘जागा भरली’ म्हणाले. दोघांनी प्रत्यक्ष तास घ्यायला लावला आणि दोघांनीही घेतलं. तास बघायला तयार असलेली शाळाच आपली. इंग्रजी आपण शिकून मिळवलेली आहे, कुठे अडखळायला होतं हे आपल्याला आठवतं, आणि वर्गात ते दिसतं. पगार मात्र सुरुवातीला गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा कमी होता. हा अन्याय आहे आणि तो तुझ्याही वाट्याला येऊ शकतो.

कागद नाशिकमध्ये असतानाच उरक. पदवीदान समारंभातलं मूळ प्रमाणपत्र काढ, तात्पुरतं चालत नाही. त्यावर मुंबईत राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, मग ज्या देशात जाणार त्याच्या नियमानुसार पुढचं. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून. आणि नावं जुळव! आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं, कधी आईचंही, आणि पासपोर्टवर वेगळाच क्रम. माझ्या पदवीवर माहेरचं आडनाव होतं, पासपोर्टवर सासरचं. त्यात माझे सहा आठवडे गेले आणि एक ठरलेली नोकरी गेली.

तीन लाखांतली कोर्सची फीच लाखाच्या वर जाईल. तिकीट, खोली आणि कागद काढून तीन महिन्यांचा खर्च हातात उरला तरच निघ, नाहीतर आणखी वर्षभर साठव. तेत, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत येतं. तेव्हा सगळं बंद असतं, कुणी नोकरीवर घेत नाही. कोर्स त्यानंतर सुरू होईल असा बघ.

आईचं बोलणं उडवून लावू नकोस. सेल्टा मोठ्यांच्या भाषावर्गासाठी आहे, शाळेत कायमची शिक्षिका व्हायचं तर बी. एड. कधीतरी लागेलच. पण आपल्याकडे ते दोन वर्षांचं आहे, आणि तू विचारतेस ते काम त्यावाचून सुरू होतं. दोन वर्षं शिकवून ये, मग कर. आईला हे पत्र वाचून दाखव, आणि त्यांना काही विचारायचं असेल तर त्यांनी मला लिहावं.

प्रश्न : मी ४३ वर्षांची, देवळाली कॅम्पात राहते. बी. एड. आहे, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पंधरा वर्षं शिकवते. दुबई किंवा मस्कतला जावं म्हणते. आधी सेल्टा करू का? एजंट ८० हजार मागतो.
– स., देवळाली

उत्तर : सेल्टा नको. तुमचं बी. एड. आणि पंधरा वर्षं आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत जास्त चालतात. त्यांचं वर्ष आपल्यासारखं एप्रिलला सुरू होतं, म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच करा. एजंटाला ८० हजार देऊ नका. परवानाधारक भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. त्याचा परवाना क्रमांक मागा आणि केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासा. क्रमांक द्यायला टाळाटाळ केली तर तिथूनच उठा. करारात घर, वर्षाचं विमानतिकीट आणि आरोग्यविमा शाळा देते की पगारातून कापते, ते लेखी घ्या.